सीओटू कमी नाही, अवेळी आहे

वाचकाचं पत्र : आमच्याकडे माशांची तीन फुटी टाकी आहे, आत साधारण 130 लिटर पाणी बसतं. मुलाच्या हट्टापायी आणली आणि अर्थातच आता ती माझ्याकडे आली. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिसनेरिया आणि पुढच्या बाजूला लाल रोटाला आहे. मासे म्हणजे गप्पी, मॉली आणि थोडे कोरीडोरस. लाइट सकाळी दहा ते रात्री नऊ. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर-यीस्ट घालून झाडांसाठी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडते. तरी दोन महिन्यांपासून अनुबियासच्या कडांना, लाकडावर, फिल्टरच्या तोंडाशी काळे केसाळ झुबके धरलेत. शेवाळाला मिळू नये म्हणून झाडांचं खत बंद केलं. दुकानदाराने शेवाळ मारायचं औषध दिलंय, अजून टाकलं नाही. पाणी बोअरचं, किटवर केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 12 येतो, पीएच सकाळी 7.0 आणि रात्री 7.4. सकाळी मासे वर येऊन तोंड मारत असतात. एक ओळखीचे म्हणाले, सीओटू कमी पडतोय, सिलिंडर घ्या आणि पीएच 6.6 होईपर्यंत सोडा. सासरे म्हणतात, प्लॅस्टिकची झाडं लावून मोकळी हो. काय करू?
— द्राक्षबागेतली वाचक, तासगाव

उत्तर : नमस्कार. सिलिंडरची ऑर्डर दिली नसेल तर थांबा, आणि दुकानदाराचं औषध कपाटातच राहू द्या. पत्रात तुम्ही पीएच दोन वेळा मोजून लिहिलात आणि सोबत केएचही दिलात, हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसतं "पाणी चांगलं आहे" एवढंच असतं. तुमच्या या तीन आकड्यांतच उत्तर आहे.

हिशेब सोपा आहे. पीएच बरोबर 7 असताना पाण्यातला सीओटू म्हणजे केएचच्या तिप्पट, दर लिटरला तितके मिलिग्रॅम. पीएच 0.3 ने उतरला की सीओटू दुप्पट, 0.3 ने चढला की निम्मा. तुमचा केएच 12, म्हणजे सकाळी पीएच 7.0 असताना पाण्यात सुमारे 36 मिलिग्रॅम सीओटू आहे. रात्री 7.4 ला तोच सुमारे 14 वर आलेला असतो. लाकडातून उतरणाऱ्या आम्लांमुळे हा हिशेब थोडा फसतो, पण केएच 12 असलेल्या जड पाण्यात ती चूक फारशी जाणवत नाही. किटचे रंग डोळ्याने जुळवताना होणारी चूक धरली तरी चित्र बदलत नाही.

झाडांच्या टाकीत साधारण 30 मिलिग्रॅमच्या आसपास सीओटू ठेवतात. तुमच्याकडे तो आहे, पण केव्हा? पहाटे, लाइट बंद असताना, जेव्हा एकही झाड तो वापरत नाही. दिवसभर लाइट जळतो तेव्हा तो उतरत जातो आणि रात्री नऊला निम्म्याहून कमी उरतो. तुमच्या टाकीत सीओटू कमी नाही, अवेळी आहे. पहाटे मासे वर येतात ते यामुळेच. मासा आपल्या रक्तातला सीओटू कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. पाण्यातच तो दाटला की बाहेर पडायला जागा राहत नाही. त्यात रात्रभर झाडं, मासे, फिल्टरमधले जिवाणू, सगळेच ऑक्सिजन ओढत असतात. त्यामुळे हा दुहेरी मार आहे.

आता त्या 6.6 बद्दल. ओळखीच्यांनी सांगितलं ते खोटं नाही, पण ते केएच 4 असलेल्या पाण्याचं गणित आहे. तिथे पीएच 6.6 म्हणजे 30 मिलिग्रॅम. तुमच्या बोअरच्या पाण्यात पीएच 6.6 वर आणायचा तर सीओटू 90 पर्यंत न्यावा लागेल, आणि तिथवर जाण्याआधीच टाकीतले मासे उलटे तरंगतील. जड पाणी असलेल्या गावांत माझ्याकडे येणाऱ्या "सिलिंडर लावला आणि सकाळी सगळे मासे मेले" या पत्रांमागे बऱ्याचदा केएच न बघता पीएचचा आकडा उतरवण्याचा हाच घोळ असतो. तुमच्या पाण्यात पीएच 7.1 च्या खाली न्यायची गरजच नाही.

यीस्टची अडचण अशी की तिला घड्याळ कळत नाही. साखर घातली की पहिले काही दिवस बुडबुड्यांचा धो-धो पाऊस, मग हळूहळू ओहोटी, मग तुम्ही बाटली बदलता आणि पुन्हा धो-धो. रात्रीही तेच चालू. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर यीस्ट आणखी पेटते, म्हणजे मासे आधीच गरम पाण्यात हापसत असतात तेव्हा सीओटूही सगळ्यात जास्त. पाण्यात 25 अंशांना ऑक्सिजन जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30 अंशांना साडेसातच. शिवाय बाटलीचं तोंड किंवा डिफ्यूझर (बुडबुडे बारीक करणारी चकती) चोंदला तर बाटली फुटते आणि दाब उलटला तर ते आंबलेलं पाणी टाकीत उतरतं. प्रयोग म्हणून मुलाला दाखवायला यीस्ट छान आहे. मासे असलेल्या टाकीसाठी मी ती सुचवत नाही.

काळ्या झुबक्यांकडे येऊ. वर्णनावरून हे ब्लॅक ब्रश अल्गी, ज्याला छंदवाले बीबीए म्हणतात. खात्री करायची तर एक झुबका खुडून थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये टाकून ठेवा. लालसर झाला तर तेच. दिसतं काळं, पण जातीने ते लाल शेवाळांपैकी आहे. हिरवं रंगद्रव्य गेलं की आतला लाल रंग उघडा पडतो. त्याला संथ वाढणारी, जुनी, कडक पानं आवडतात, म्हणून अनुबियासच्या कडा. आणि प्रवाह लागतो, म्हणून फिल्टरचं तोंड. व्हॅलिसनेरियाच्या नव्या पानांवर ते क्वचितच दिसेल, कारण ते बसायच्या आत पान पुढे निघून जातं. सासऱ्यांना एवढं सांगा की प्लॅस्टिकची पानं म्हणजे कधीच न वाढणारी पानं. त्यांच्यावर हे शेवाळ आणखी निवांत बसतं.

आणि ते आलं का, तर सीओटूच्या चढ-उतारामुळे. पाण्यात सीओटू हवेच्या मानाने जवळजवळ दहा हजार पट सावकाश सरकतो, त्यामुळे पाण्याखालचं पान कायम उपाशीपोटीच असतं. सीओटू भरपूर असेल तेव्हा झाड तो पकडणारं विकर, म्हणजे रुबिस्को, कमी बनवतं, कारण थोडक्यात काम भागतं. मग पुरवठा एकदम घसरला की तेवढ्या विकरात भागत नाही, आणि नवीन जुळवाजुळव करायला झाडाला आठवडे लागतात. त्या काळात जुनी पानं खंगतात, त्यांतून सेंद्रिय द्रव्य पाझरतं आणि शेवाळाला बसायला जागा होते. दर आठ-पंधरा दिवसांनी बाटली बदलणाऱ्या टाकीत झाडं कायम या जुळवाजुळवीतच अडकलेली असतात. शेवाळाच्या गरजा इतक्या कमी आहेत की त्याला हा त्रास होत नाही. म्हणून मी म्हणतो, 30 आणि 10 यांच्यामध्ये हेलकावे खाणाऱ्या टाकीपेक्षा कायम 3 वर असलेली टाकी बरी.

पण मूळ दोष लाइटचा आहे. अकरा तास. लाइट वाढवणं म्हणजे पंगत मोठी बसवणं. सीओटू आणि खत हा स्वयंपाक. तुम्ही पन्नास पानं मांडलीत, भाकऱ्या दहा केल्यात आणि मग खत बंद करून भाजीही काढून घेतलीत. झाडं किती वेगाने खायला मागणार हे लाइट ठरवतो. मागणी कमी करणं फुकट आहे. पुरवठा वाढवणं महाग आणि माशांसाठी धोक्याचं. म्हणून आधी लाइट.

तर आज संध्याकाळपासूनची कामं. एअर पंप असेल तर तो रात्री लाइट बंद झाल्यापासून सकाळी लाइट लागेपर्यंत चालू ठेवा, एअर स्टोन पाण्यात खोलवर. नसेल तर फिल्टरचं तोंड थोडं वर करा, पाण्याचा पृष्ठभाग हलताना दिसला पाहिजे. त्याने सीओटू उडून जातो, जाऊ द्या, मासे आधी. यीस्टची बाटली आजच काढून टाका. काढताना आधी टाकीतली नळी बाहेर घ्या आणि मग बाटलीचं झाकण सोडा, उलट केलंत तर टाकीचं पाणी नळीतून जमिनीवर येईल.

लाइटला एक साधा टायमर लावा आणि सहा तास ठेवा. घरातले सगळे संध्याकाळी टाकीसमोर बसत असतील तर दुपारी तीन ते रात्री नऊ ठेवा, झाडांना त्याचं काही नाही. मध्ये दोन तास बंद ठेवून दोन हप्त्यांत लाइट देण्याची युक्ती काही जण सांगतात. सीओटू न सोडणाऱ्या टाकीत तिचा थोडा उपयोग होतो, कारण त्या मधल्या वेळात पाण्यात सीओटू पुन्हा साठतो, पण ती नंतर करा. लाइटची तीव्रता कमी करता येत असेल तर निम्म्यावर आणा. नसेल तर लाइट टाकीपासून वीतभर उंच टांगा. खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा लावा. उन्हाचा एक तास हा तुमच्या एलईडीच्या अर्ध्या दिवसाला भारी पडू शकतो, आणि लोक तो मोजतच नाहीत.

तुमची अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन ही सावलीतली माणसं आहेत, सहा तास मंद लाइटवर बाहेरून सीओटू न देता सुखात राहतील. व्हॅलिसनेरियाची तर तुमच्या बोअरच्या पाण्यात चैन आहे. ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेते आणि केएच 12 म्हणजे तिच्यासाठी भरलेलं कोठार. प्रश्न एकट्या लाल रोटालाचा. ती मूळची दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातली. पावसाळ्यात पाण्याखाली जाते, एरवी ओलसर काठावर पानं हवेत काढून हवेतला सीओटू घेते. भर लाइट आणि भरपूर, स्थिर सीओटू याशिवाय तिचा तांबडा रंग टिकत नाही. खालची पानं गळून ती काडीसारखी होईल. तिच्या दोन फांद्या खुडून कुंडीत ओल्या मातीत, प्लॅस्टिकच्या पिशवीखाली लावून ठेवा, पाण्याबाहेर ती आरामात जगते. एका झाडाच्या लाल रंगासाठी सगळी टाकी तारेवर चालवायची का, हे तुम्ही ठरवायचं. माझं मत विचाराल तर नाही.

सध्या बसलेलं शेवाळ हाताने काढायचं. अनुबियासची ज्या पानांची निम्मी कड काळी झाली आहे ती देठापासून कापा. ती परत हिरवी होणार नाहीत. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पानं मात्र काढू नका. क्रिप्टोकोरिनला हलवू नका, ती जागा बदलली की रुसून सगळी पानं वितळवते. लाकूड बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासा. जे उरेल त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुतेक 6 टक्क्यांचा मिळतो, बाटलीवर 20 व्हॉल्यूम असंही लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच स्वच्छ पाणी घालून 3 टक्के करा. बाहेरच्या देशांतले सगळे डोस 3 टक्क्यांसाठी लिहिलेले असतात आणि ते तसेच उतरवले की आपल्याकडे दुप्पट पडतात. तुमच्या टाकीला एका दिवसात 30 मिलिलिटरच्या वर नको, पहिल्या दिवशी 15 च. फिल्टर बंद करा, सुई काढलेल्या सिरिंजने झुबक्यावर सावकाश सोडा, बारीक फेस येईल. दहा मिनिटं थांबा, फिल्टर सुरू करा आणि मासे जोरात श्वास घेताहेत का बघा. घेत असतील तर लगेच निम्मं पाणी बदला. पुढच्या दोन-तीन दिवसांत ते झुबके गुलाबी किंवा विटकरी झाले म्हणजे मेले. शेवाळी मॉस किंवा झिंगे टाकीत असते तर मी हा उपाय इतक्या मोकळेपणाने सांगितला नसता.

दुकानदाराच्या बाटलीवर घटक वाचा. तांबं असेल तर ती टाकीत जाऊ देऊ नका, पुढेमागे झिंगे पाळायची इच्छा झाली तर अडचण होईल. ग्लुटाराल्डिहाइड असेल, जे "लिक्विड कार्बन" नावानेही विकतात, तर त्याने बीबीए मरतं हे खरं, पण ते मुळात जंतुनाशक आहे, सीओटूला पर्याय नव्हे, आणि त्याने व्हॅलिसनेरिया वितळते. तुमच्या टाकीतलं सगळ्यात धडधाकट झाड घालवायचं काही कारण नाही. ओघात आलं म्हणून, तुम्ही बागेत बोर्डो मिश्रण फवारत असाल किंवा त्याचे डबे हाताळत असाल तर टाकीत हात घालायच्या आधी कोपरापर्यंत धुवा. तेही तांबंच.

खत बंद करण्याबद्दल. शेवाळाला उपाशी ठेवायचं ही कल्पना फार जुनी आणि फार पटण्यासारखी आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेतले नामवंत छंदवाले फॉस्फेट शून्यावर नेण्याच्या मागे होते. मग टॉम बार नावाच्या छंदवाल्याने उलट केलं, झाडांनी भरलेल्या टाक्यांत फॉस्फेट मुद्दाम घालत गेला, आणि शेवाळाचा भडका काही उडाला नाही. पुढे त्याने खत सढळ द्या, दर आठवड्याला निम्मं पाणी बदला, म्हणजे काही साचणार नाही, अशी पद्धतच बसवली. शेवाळाला इतकं कमी लागतं की तुम्ही काहीही केलं तरी त्याला पुरेल एवढं पाण्यात असतंच. खत बंद केल्याने उपाशी राहतात ती झाडं.

तुम्ही द्राक्षवाल्या घरातल्या, तेव्हा लागणारी खतं बहुधा ठिबकच्या खोलीतच असतील. 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि 00:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. टाकीत आठवड्याला दर लिटरला 10 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 1 मिलिग्रॅम फॉस्फेट वाढवायचं तर 130 लिटरला पहिलं 2.1 ग्रॅम आणि दुसरं 0.19 ग्रॅम लागेल. मंद लाइटवर याच्या निम्म्यानेही भागतं, तिथूनच सुरू करा. चमच्याने नको, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा वापरा. आणि शेजारच्याच पोत्यातलं 12:61:00 किंवा 19:19:19 चुकूनही नको. त्यांत अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन असतो, 19:19:19 मध्ये युरियाही. सातच्या वर पीएच असलेल्या तुमच्या पाण्यात तो माशांच्या कल्ल्यांना जाळेल आणि शेवाळ मात्र खूष होईल. पोत्यावरचा नुसता भाव किंवा रंग बघून खत काढू नका, आकडे वाचा. सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र मत्स्यालयाचीच विकत घ्या, शेतीच्या मिश्रणांत तांबं आणि जस्ताचं प्रमाण आपल्याला हवं त्याहून वेगळं असतं.

थांबा, त्याआधी एक. बागायती भागातल्या बोअरला नायट्रेट मुळातच असू शकतं. किटमध्ये नायट्रेटची चाचणी असेल तर बोअरचं पाणी थेट तपासा. नसेल तर माती-पाणी परीक्षणाला पुढच्या वेळी बागेचं पाणी जाईल त्यात तेही लिहून घ्या. पाण्यातच 20 मिलिग्रॅम निघालं तर पोटॅशियम नायट्रेट द्यायचंच नाही, नुसतं फॉस्फेट द्या. आठवड्याला निम्मं पाणी बदलणं मात्र दोन्ही बाबतींत. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण सीओटू बराच विरघळलेला असतो. म्हणून ते बादलीत किंवा ड्रममध्ये रात्रभर, जमल्यास हवा सोडून ठेवा आणि मग टाकीत घाला. सरळ पंपाचं पाणी ओतलं तर तो सीओटूचा आणखी एक अवेळी झटका. फिल्टरचा स्पंजही त्याच दिवशी काढलेल्या पाण्यात पिळा. बीबीएला चिखलट, कुजकं द्रव्य मानवतं आणि अर्धा चोंदलेला फिल्टर म्हणजे त्याचा खुराक.

शेवाळ खाणाऱ्या माशांचा मोह होईल. दुकानात "सकर" देतील. तो फूटभर वाढतो, बीबीएला तोंड लावत नाही, आणि लोक कंटाळून तो नदीत सोडतात, म्हणून आपल्या नद्या-तलावांत तो माजला आहे. बीबीए खरोखर खाणारा मासा म्हणजे सायामीज अल्गी ईटर, पण त्याच्या नावाखाली चायनीज अल्गी ईटर गळ्यात मारतात, जो मोठा झाला की बाकीच्या माशांच्या अंगाला चिकटतो. खऱ्या सायामीजची काळी पट्टी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या पंखातूनही जाते. 130 लिटरमध्ये दोन चालतील. मी आधी दोन महिने वाट बघेन.

आणि समजा दोन महिन्यांनंतर टाकी स्वच्छ झाली आणि रोटालाचा मोह सुटलाच नाही, तर सिलिंडरचा विचार. यीस्ट आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक पायरी आहे, लिंबूसत्व आणि खाण्याच्या सोड्याची स्टीलची बाटली. 200 ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण आंबवली किंवा 200 ग्रॅम सोडा लिंबूसत्वात पूर्ण विरला, तर कागदावरच्या हिशेबाने दोन्हींतून सुमारे 100 ग्रॅमच सीओटू निघतो. फरक एवढाच की सोड्याच्या बाटलीला व्हॉल्व्ह लागतो, रात्री बंद करता येते. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये अशा वीस बाटल्या भरलेल्या असतात. माझ्या मते तुमच्या आकाराच्या टाकीला, करायचंच तर, सिलिंडरच.

सिलिंडर घेताना त्यावर चाचणीची तारीख कोरलेली आहे का पाहा. भरून देणारे बहुधा आग विझवणाऱ्या यंत्रांचे दुकानदार असतात, त्यांना विचारा. रेग्युलेटरला सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) हवाच, तोही वीज गेली की आपोआप बंद होणारा. तुमच्याकडे लाइट जाण्याचं वेळापत्रक माहीतच आहे. फिल्टर बंद आणि सीओटू चालू अशी अवस्था एका दुपारीही नको. सोलेनॉइड टायमरवर लावायचा, लाइटच्या दीड-दोन तास आधी सुरू, लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद. म्हणजे लाइट लागताना सीओटू भरलेला आणि रात्री उतरलेला, तुमच्या आत्ताच्या वेळापत्रकाच्या बरोबर उलट. दाबाच्या काट्यावरून सिलिंडरमध्ये किती उरलंय ते कळत नाही. आत द्रवरूप सीओटू शिल्लक असेपर्यंत काटा तिथेच राहतो, आणि 31 अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच संपतो. म्हणून वजन करा. सिलिंडर उभा, भिंतीला पट्ट्याने बांधलेला, उन्हापासून दूर, आणि मुलाच्या झोपायच्या खोलीत नको. दोन किलो सीओटू दहा बाय दहाच्या बंद खोलीत एकदम सुटला तर हवेत सुमारे 4 टक्के होतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा 0.5 टक्का मानतात. 4 टक्क्यांना धाप लागते, डोकं गरगरतं.

सुरुवात अगदी थोड्या बुडबुड्यांनी करायची, घरी असाल अशा सुट्टीच्या दिवशी, आणि दर दोन तासांनी पीएच मोजायचा. तुमच्यासाठी लाइट लागताना 7.1 ते 7.2 ही रेघ, त्याखाली नाही. सीओटूप्रमाणे रंग बदलणारा ड्रॉप चेकर लावणार असाल तर दुकानदार सांगतात तसं त्यात टाकीचं पाणी भरू नका. त्यात केएच 4 चंच पाणी हवं, तरच हिरवा म्हणजे 30. ते घरी होतं. 1.2 ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, त्यातलं 100 मिलिलिटर घेऊन पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने एक लिटर करा. बॅटरीच्या दुकानातलं पाणी चालतं. मग त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रव्याचे, थेंब. हिरवा रंग एक-दीड तास मागचा असतो हे लक्षात ठेवा. तो पिवळा दिसेपर्यंत मासे आधीच वर आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पाणी 30 च्या वर गेलं की बुडबुडे निम्मे करा आणि पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात.

या सगळ्याला वेळ लागेल. काळे झुबके जायला दीड-दोन महिने धरा. पहिल्या दोन आठवड्यांत काच थोडी तपकिरी किंवा हिरवट झाली तरी घाबरून पुन्हा सगळं बदलू नका. पुन्हा पत्र लिहाल तेव्हा बोअरच्या पाण्याचं नायट्रेट, लाइट लागताना आणि बंद होताना असे दोन पीएच, आणि अनुबियासच्या अगदी नव्या पानाचा फोटो पाठवा. जुन्या पानांचा नको, ती मागची कहाणी सांगतात.